आमेन कोण म्हणालं?

मंडळी, आज दुपारी इथे भोपाळात, अवधपुरीत सलोमीमावशींकडे गेलो होतो. त्या बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू. मुलं परदेशात, इथे त्यांच्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणणारंही कुणी उरलेलं नाही. नातवंडांसाठी ती प्रार्थना मोबाइलवर रेकॉर्ड करायची होती.

एलियाहू नबी, म्हणजे ज्यूंचे प्रेषित, यांच्या नावाने गोड पोह्यांच्या मलिद्याचं ताट ठेवून त्यांनी प्रार्थना म्हटली. शेवटी मी सवयीने बोललो, "तथास्तु."

"आता नबींना संस्कृत शिकव," मावशी हसल्या.

रेकॉर्डिंग लावून ऐकलं. माझ्या ‘तथास्तु’च्या खाली एक जाड, शांत आवाज होता: "आमेन." घरात आम्ही दोघंच होतो.

मावशींनी ताट माझ्याकडे सरकवलं. "म्हणजे भोपाळात अजून कुणीतरी आहे. खा."

नातवंडांना पाठवताना तो ‘आमेन’ ठेवू की कापू? मावशी म्हणतात, कापायचंच तर तुझं ‘तथास्तु’ काप.