खड्ड्यांची फळी
लाकडाच्या भुशाचा वास आला की मला हिंगणघाटच्या बसस्टँडजवळचं आमचं व्हिडिओ गेमचं दुकान आठवतं. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. नवऱ्याने नागपूरहून एक जुनं मशीन आणलं, पण त्याच्या लाकडी पेटीवर चिकटवलेलं फाटकं व्हिनाईल, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ कागद, सोलल्यावर खाली सगळी खड्ड्यांची फळी निघाली. सुतारमिस्त्री म्हणाले, "यावर नवीन व्हिनाईल बसत नाई, वहिनी. बारीक खडा राह्यला तरी वरून दिसते. पेटीच दुसरी करा." तसं केलं असतं तर दुकान दिवाळीनंतरच उघडलं असतं. नवरा मान खाली घालून बसला होता. मी म्हटलं, "मले दोन दिवस द्या." मी जुना गोंद खरवडून काढला, भुसा सरसात कालवून खड्डे भरले आणि ते वाळल्यावर पॉलिश पेपरने घासत राहिले. डोळ्यांना दिसेना ते बोटांना कळायचं, म्हणून डोळे मिटून फळीवर हात फिरवायची. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनीही हात फिरवला, मग पुन्हा एकदा फिरवला. "कोणं घासलं हे?" "मीच." त्यांनी व्हिनाईल चिकटवलं, तर कुठे एक फुगा आला नाही. "माह्या हातानं असं झालं नसतं," ते म्हणाले. नवऱ्याने मशीन सुरू करून पहिला डाव मला दिला. मी अर्ध्या मिनिटात हरले, पण आजही तो डाव मला जिंकल्यासारखाच आठवतो.