एका कान्याचे वजन

मागच्या वर्षी मार्च महिन्यात, मोताळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बाजारगावात, बाजाराच्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास पोलिसांनी जमावावर लाठीमार केला. गावात येणारी एसटी तीन आठवडे बंद होती, म्हणून लोकांनी रस्ता अडवला होता. पाच-सात मिनिटांत रस्ता मोकळा झाला. मी बुलढाण्यात बसून पोलीस ठाण्याच्या पत्रकावरून बातमी लिहिली : 'पोलिसांचा सौम्य लाठीमार, कोणीही जखमी नाही'. ती ज्यांनी वाचली त्यांनी चहाबरोबर पचवली. 'सौम्य' या एका शब्दापाशी ज्याचा घास अडकला असा माणूस साऱ्या जगात एकच होता, आणि तो माझा घरमालक होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कात्रण घेऊन जिना चढून वर आले.

"काऊन हो पत्रकार, सौम्य म्हंजे किती?"

"काका, सौम्य म्हणजे हलका."

"हलका म्हंजे किती? कोन्या मापानं? मोजला कोनं?"

पत्रकात तसेच लिहिले होते, असे मी सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. नोकरीत असताना ते कसूरदार दुकानदाराकडे असेच पाहत असावेत. "म्हंजे बिनछापाचं वजन तुमी गिऱ्हाइकाले चालवलं," एवढे बोलून कात्रण माझ्या टेबलावर ठेवून ते खाली गेले.

घरमालक वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. नांदुऱ्याच्या धान्य अडतीपासून शेगावच्या पेढ्याच्या दुकानांपर्यंत जिल्ह्यातला प्रत्येक काटा त्यांनी कधी ना कधी तपासला होता. निवृत्तीनंतर काटे त्यांच्या ताब्यातून गेले, पण तपासणी गेली नाही. दोनशे ग्रॅमचे एक पितळी वजन ते सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवतात. त्यामुळे त्यांचा प्रत्येक सदरा डाव्या बाजूने ओघळलेला असतो आणि ते स्वतःही किंचित डावीकडे कललेले दिसतात. किराणा दुकानात शिरले की "जयभीम" म्हणायच्या आधी ते वजन काट्यावर ठेवतात. एकदा त्यांच्या नातेवाइकाच्या साखरपुड्यासाठी आम्ही शेगावला गेलो होतो. कचोरीवाला कचोऱ्या नगावर विकतो, तोलून नव्हे, हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. चार कचोऱ्या घेऊन त्यांनी शेजारच्या मिठाईवाल्याच्या काट्यावर एकेक ठेवून पाहिली, आणि गरम कचोरीत वाफ असते म्हणून थंड होईपर्यंत थांबून पुन्हा पाहिली. साखरपुडा तोवर उरकला. लग्नाच्या पंगतीत वाढप्याने "थोडा भात?" असे विचारले, तर ते पळीवर हात ठेवून "थोडा म्हंजे किती?" विचारतात, आणि मागची सारी पंगत कोरड्या पत्रावळीकडे बघत बसते. डॉक्टरांनी लिहून दिलेले 'दोन चमचे' औषध त्यांनी दोन दिवस घेतले नाही, कारण चमचा कोणता ते लिहिले नव्हते. "चिमूटभर मीठ म्हनलं तं चिमूट कोनाची, हे इचारते हा मानूस," घरमालकीण काकू मला म्हणाल्या होत्या. "ह्यायले हो म्हनाच्या आधी मीच मोजून घ्याले पाह्यजे होतं."

त्या बाजारगावात कौसाबाई नावाची एक भाजीवाली बसते. घरमालक दर आठवड्याला बुलढाण्याहून बस धरून तिच्याकडूनच भाजी आणायला जात. तिच्या वांग्यांत विशेष काही नव्हते. तीस वर्षांपूर्वी त्यांनी तिची वजने जप्त केली होती. तेव्हा ती दगडांनी भाजी तोलत असे : पाव, अर्धा, एक आणि दोन किलोचे चार दगड. त्यांनी पंचनामा केला, दगड उचलले आणि तिला छाप मारलेली वजने व लोखंडी दांडीचा हाततराजू घ्यायला लावला. तेव्हापासून ती त्यांना 'दगडचोर साहेब' म्हणते. सगळ्या बाजारासमोर म्हणते. ते दर वेळी भाजी तोलून झाल्यावर स्वतःचे पितळी वजन तिच्या पारड्यात टाकून पाहतात आणि ती दर वेळी विचारते, "भरलं का पोट?"

लाठीमारानंतर एसटी पुन्हा सुरू झाली आणि ते बाजाराला गेले, तर तिची जागा रिकामी होती. ते तिच्या घरी गेले. उजव्या मनगटाला प्लास्टर होते.

"मोर्च्यात काऊन गेली तू?"

"कोन गेलं मोर्च्यात? मी मेथी तोलून राह्यली होती. तराजू वर धरला, अन् वरतून दनकन् आली लाठी."

पण हाडापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीचा त्रास होत होता. ग्रामीण रुग्णालयाच्या केसपेपरवर 'बाजारात पडली' असे लिहिले होते. तिने सांगितले होते, "बाजारात पाडली मले." लिहिणाऱ्याच्या हातून काना राहिला होता. आता तिचा मुलगा म्हणत होता, आई पडायला लागली, बाजार बंद. शेजारणी म्हणत होत्या, वय झाले, पडणारच. ग्रामपंचायतीत तिची जागा दुसऱ्या कोणाला तरी देण्याची बोलणी सुरू झाली होती. "चाळीस वर्स बसली मी त्या जाग्यावर," ती म्हणाली. "मी पडली नाई साहेब. पडनारी बाई घरात बसवतात. मले बाजारात बसाचं हाय."

घरमालक परत आले ते थेट माझ्याकडे. "एका कान्याचं वजन किती, पत्रकार?" त्यांनी विचारले. त्यांनी ते शोधायचे ठरवले होते.

पोलिसांनी बळ वापरले की ठाण्याने त्याचा अहवाल जिल्ह्याला पाठवायचा आणि जिल्ह्याने राज्याला, अशी पद्धत आहे. घरमालकांनी माहिती अधिकाराच्या अर्जाने त्या दिवसाच्या अहवालाची प्रत मागितली. उत्तर आले : 'माहिती निरंक आहे.' निरंक म्हणजे शून्य, काही नाही. त्यांनी अपील केले. दुसऱ्या खेपेला एक पान आले. 'बळाचा प्रकार : सौम्य. कालावधी : अल्प. जखमी : निरंक.' ते पान त्यांनी स्वयंपाकघरात, काकूंच्या मसाल्याच्या डब्याशेजारी, टाचणीने लावले. भाजी खारट झाली की काकू म्हणत, "मीठ निरंक टाकलं होतं."

त्यानंतर ते स्प्रिंगचा ताणकाटा घेऊन ठाण्यात गेले. ज्या लाठीने मारले तिचे वजन करायची परवानगी द्यावी, असा लेखी अर्ज सोबत होता. मीही गेलो होतो, बातमी म्हणून. टेबलापाशी बसलेल्या हवालदाराने अर्ज दोनदा वाचला.

"काका, इथं लाठी मोजाले कोनी येत नाई. खाऊन जातात अन् घरी जाऊन मोजतात."

"म्हनूनच आलो. तुमच्या इथं माप नाई, अन् सौम्य लेहून राह्यले तुमी."

हवालदार हसला, मग हसायचा थांबला. कोपऱ्यातली एक लाठी त्याने स्वतःच आणून दिली. घरमालकांनी ती काट्याला टांगली, आकडा वहीत लिहिला, हवालदाराची सही मागितली. सही मिळाली नाही. चहा मिळाला. अहवालात 'निरंक' कोण लिहितो, हे त्यांनी चहा पिता पिता विचारले. हवालदार म्हणाला, "लेहत कोनीच नाई. मागचा कागद पुढं घेतो, तारीख बदलतो. निरंक त्याच्यात आधीचंच असते." हे वाक्य माझ्या टिपणवहीत आहे. नाव छापू नये अशी त्याने विनंती केली होती.

पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे तक्रार गेली. ती सतरा पानांची होती. पैकी चार पाने 'सौम्य', 'अल्प' आणि 'निरंक' या शब्दांच्या व्याख्या मागणारी होती. ती काढून टाका, मूळ मुद्दा बुडेल, असे मी सुचवले. "तोच मूळ मुद्दा हाय," ते म्हणाले. "खाली एका ठाण्यानं निरंक ठेवलं, का वर साऱ्या राज्याची बेरीज निरंक. मंग वरचा मानूस कशाची तपासनी करन? काट्यावर माल ठेवलाच नाई, तं काटा खरा का खोटा, कसं कळन?" तक्रारीच्या पाठपुराव्यासाठी ऑगस्टपर्यंत ते बुलढाण्यातल्या पोलीस अधीक्षक कार्यालयात नऊ वेळा गेले. साहेब बैठकीत आहेत असे सांगितले की ते बाकावर बसत आणि बैठक किती मिनिटांची, ते लिहून घेत. चौथ्या खेपेपासून साहेब लवकर भेटू लागले.

सप्टेंबरमध्ये प्राधिकरणापुढे सुनावणी झाली. समोर एक निवृत्त न्यायाधीश होते. ठाण्याच्या बाजूने केसपेपर पुढे करण्यात आला : 'बाजारात पडली'. वृद्ध महिला, गर्दीत पडली असावी, असे सांगण्यात आले. न्यायाधीशांनी कौसाबाईला विचारले, तुम्हाला काय म्हणायचे आहे?

ती उभी राहिली. "साहेब, मी बसून धंदा करतो. तवाबी खालीच बसली होती, भुईवर. बसलेलं मानूस पडन कुठं?"

खोलीत कोणीतरी हसले. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी ते वाक्य लिहून घेतले.

मग घरमालकांनी पिशवीतून तिचा तराजू काढला. त्याची दांडी वाकलेली होती. त्या वर्षीच्या जानेवारीचा पडताळणीचा छाप तिच्यावर स्पष्ट दिसत होता. या वेळी ते कागदी मराठीत बोलले, सुट्टे सुट्टे शब्द, पंचनामा वाचल्यासारखे. "छाप आहे, म्हणजे जानेवारीत दांडी सरळ होती. तराजू पडला असता तर पारडी चेपली असती, टोके वाकली असती. पारडी शाबूत आहेत. दांडी मधोमध, वरून खाली वाकली आहे. धरणारीचे मनगट मधोमधच असते." त्यांनी दोन्ही पारड्यांत सारखी वजने टाकली. काटा मध्यावर उभा राहिला नाही. "हा तराजू मी स्वतः नापास करतो," ते म्हणाले. "पण साक्षीला पास आहे."

तराजू पुरावा म्हणून जमा झाला. पावती दिली गेली. आपण तीस वर्षे ज्या नमुन्यात पावत्या दिल्या त्यात आणि या पावतीत एक रकाना कमी आहे, असे त्यांनी कारकुनाला दाखवून दिले. कारकुनाने तो रकाना हाताने आखून दिला.

आदेश नोव्हेंबरमध्ये आला. अहवाल दुरुस्त करून राज्याकडे फेरसादर करावा : 'जखमी : एक'. संबंधित शिपायाची खातेनिहाय चौकशी करावी. रुग्णालयाने केसपेपरची नोंद तपासावी. रुग्णालयाने 'पडली'मध्ये लाल शाईने काना घातला आणि शेजारी सही केली. त्याची झेरॉक्स कौसाबाईच्या मुलाने ग्रामपंचायतीत दिली. जागा तिच्याकडे राहिली.

आमच्या दैनिकाने दुरुस्ती छापली, चौथ्या पानावर, खाली. घरमालक फूटपट्टी घेऊन वर आले. "बातमी अकरा सेंटिमीटर होती. दुरुस्ती दोन," ते म्हणाले. "तुमचा काटा एकीकडंच झुकते, त्याले पासंग लावा लागते, पत्रकार." 'सौम्य' हा शब्द मी तेव्हापासून वापरलेला नाही. डेस्कवरून कोणी घातला तर कंसात प्रश्नचिन्ह टाकून परत पाठवतो.

आदेशानंतरच्या पहिल्या बाजाराला त्यांनी मला सोबत नेले. गुडघा दुखतो म्हणून असेल. पितळी वजनाशिवाय हातात एक जड पिशवी होती, ती त्यांनी मला उचलू दिली नाही. कौसाबाई जागेवर होती. मनगट थोडे वाकडे जुळले आहे. उजव्या हाताने ती तराजू उचलू शकत नाही, आणि तिचा तराजू अजून जमाच आहे. मुलाने इलेक्ट्रॉनिक काटा आणून दिला आहे. घरमालकांनी त्याच्यावर दोनशे ग्रॅम ठेवले. आकडा बरोबर आला. ते जरा हिरमुसले.

मग त्यांनी पिशवीतून चार दगड काढून तिच्यासमोर ओळीने मांडले. जप्तीचा माल निकाली काढायच्या वेळी 'दगड, नग चार' कोणी घेईना, तेव्हा त्यांनी लेखी परवानगी घेऊन ते घरी नेले होते. काकू त्यांतल्या एकाने लोणच्याच्या बरणीवरची ताटली दाबून ठेवत.

"तवाच मोजले होते मी," ते म्हणाले. ते तिच्याकडे पाहत नव्हते. "कार्यालयात नेऊन, मानक वजनाबरोबर. चारीच्या चारी बरोबर होते. दोन किलोचा तं जरा जास्तच भरला, गिऱ्हाइकाच्या बाजूनं. छाप नव्हता फक्त."

कौसाबाईने दोन किलोचा दगड डाव्या हाताने उचलून पाहिला.

"हे सांगाले तीस वर्स लागले तुमाले?"

"कोनी इचारलं नाई."

"बाजारानं मले तीस वर्स मापात पाप करनारी म्हनलं, साहेब."

खिशातले पितळी वजन त्यांनी बाहेर काढले, पुन्हा आत ठेवले. तिने पाव किलो मेथी तोलली, वर एक जुडी टाकली आणि पिशवी त्यांच्याकडे सरकवली. जुडी किती ग्रॅमची, हे त्यांनी विचारले नाही.

शिपायाची चौकशी सुरू आहे. 'सौम्य म्हणजे किती' या त्यांच्या स्वतंत्र अर्जाला अद्याप उत्तर आलेले नाही. गुडघ्यामुळे या महिन्यात ते बाजाराला गेले नाहीत, मी एकटा गेलो. चारही दगड कौसाबाईच्या ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर ठेवलेले होते.