अक्काची सवत

नगर जिल्ह्यात देवस्थानं काय थोडी आहेत? पण पाय धुतल्याशिवाय उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नाहीत असं एकच ठिकाण मी उभ्या जन्मात पाहिलं. ते म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावचं टेलिफोन एक्स्चेंज. आणि तिथले पुजारी म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दाजी मूळचे कर्जतकडचे, शेतकऱ्याघरचे. घरी सोवळं कशाशी खातात हेही त्यांना ठाऊक नव्हतं. सुकट भाजलेल्या तव्यावरची भाकरी ते आनंदानं खात. पण यंत्रांच्या खोलीचं दार आलं की या माणसाच्या अंगात कुठला शास्त्री संचारायचा देव जाणे. गोष्ट दुष्काळाच्या सालातली. आपोआप लागणारे फोन तेव्हा गावाला नवे होते. खोलीत छताला टेकलेल्या लोखंडी रॅकच्या रांगा, त्यांत शेकडो नाजूक खटके. कुणी घरी बसून आकडा फिरवला की इथं खटके टकटक करत वर चढायचे, गर्रकन फिरायचे आणि फोन जोडून द्यायचे. त्यांत धुळीचा कण बसला की संपलं. आणि आमच्याकडे पाण्याला तोटा असेल, धुळीला कधीच नव्हता. मी शेजारच्या खोलीत बाहेरगावचे ट्रंक कॉल जोडायला बसे. मधे काच होती, त्यामुळे दाजींची सगळी लीला मला बसल्या जागी दिसायची.

दाजींचं सोवळं जातीचं नव्हतं, पायांचं होतं. झाडणाऱ्या पार्वताबाई दारातल्या ओल्या फडक्यावर टाचा घासून सरळ आत जात, आणि वरून तपासणीला आलेले मोठे साहेब दारात अडकत. एकदा असेच एक साहेब आले, करकर वाजणारे बूट घालून. दाजींनी दारात आडवा हात धरला. साहेब म्हणाले, मी कोण आहे ठाऊक आहे का? दाजी म्हणाले, "ठाव हाय. पर धुळीला ठाव न्हाई." साहेबांनी बूट काढले, तर डाव्या मोज्याला भोक आणि त्यातून अंगठा बाहेर डोकावतोय. पुढची सगळी तपासणी त्या भल्या माणसानं एका पायावर दुसरा पाय ठेवून, बगळ्यासारखं उभं राहून केली आणि दोन तासांचं काम दहा मिनिटांत आटोपून शेरा मारला, "उत्तम." आम्ही स्टाफवाले काचेआड तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो.

दुसरं वेड गाठींचं. रॅकमागून केबलच्या जाड जाड जुड्या वर जात, आणि त्या मेण लावलेल्या दोऱ्यानं बांधायची दाजींची एक खास गाठ होती. ओढाल तेवढी घट्ट होणार. हात एकदा त्या वळणाला पडला की घर काय नि ऑफिस काय! घरातली बाज, खताची पोती, मिरच्यांच्या माळा, पोरींच्या वेण्या, सगळं त्याच गाठीनं. माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधायचा मान मी मोठ्या हौसेनं त्यांना दिला. लग्न लागलं, जेवणावळी उठल्या, वरात घरी आली, पण मुंडावळ्या काही सुटेनात. करवल्यांनी नखं मोडून घेतली, आईनं खोबरेल लावून पाहिलं. शेवटी न्हाव्याला बोलावून त्या कापून काढल्या, आणि त्यांच्याबरोबर माझे कपाळावरचे केसही थोडे गेले. दाजी शांतपणे म्हणाले, "मेव्हणं, ह्या गाठीला सोडवायचं नसतंच." माझ्या बायकोनं या वाक्याचा पुढे आयुष्यभर आधार घेतला.

यंत्रांना थंडावा लागतो म्हणून खोलीत थंड हवेची दोन धुडं बसवली होती. त्यामुळे वैशाखातही दाजी स्वेटर नि कानटोपी घालून हिंडत आणि चहाला बाहेर आले की टपरीवरचे लोक आजाऱ्याकडे बघावं तसे बघत. मागच्या खोलीत काचेच्या मोठाल्या बरण्यांत बॅटऱ्या मांडलेल्या. वीज गेली की सगळं गाव त्यांच्या जिवावर बोलायचं. दाजी त्यांना विकत आणलेलं शुद्ध पाणी वेळच्या वेळी पाजत. इकडे अक्का टँकरमागे कळशी घेऊन उन्हात उभी! ती घरी येऊन म्हणायची, "सवतीला औषधावानी पानी, आन् आमाला गढूळ." अक्का एक्स्चेंजला सवतच म्हणायची, आणि ती चेष्टा होती असं मी तरी समजत होतो.

आणखी एक नवल सांगतो. दाजींनी कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही; ते त्यांना पाप वाटे. पण खटक्यांच्या नुसत्या आवाजावरून त्यांना गाव कळायचं. सकाळी टकटकाट वाढला की म्हणत, आडत उघडली. भर दुपारी एकदम कल्लोळ उठला की कानटोपी काढून उभे राहत, कुणीतरी गेलं म्हणून. मयतीचे फोन तोकडे असतात नि बाळंतपणाचे लांब, हे शास्त्र त्यांचंच. दिवसभर असा गावाचा कान होऊन बसलेला हा माणूस घरी आला की मात्र मुका. भाकरी, पाणी, आणि हां. एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा संसार चालला होता. अक्का क्वार्टरमधून रोज दुपारी डबा घेऊन यायची, उंबऱ्यापाशी उभी राहायची, दाजी डबा घ्यायचे, दार लागायचं. "आत हाय तरी काय, एकदा बघू द्या की," असं तिनं किती वेळा म्हटलं असेल! दाजी म्हणत, बाहेरच्यांना परवानगी न्हाई. बायको बाहेरची! त्या उन्हाळ्यात तिनं मला बजावून सांगितलं होतं, पोरींच्या परीक्षा झाल्या की मी माहेरी जाते, आणि या खेपेला परत यायचं काही नक्की नाही. ती हसत नव्हती, म्हणून मला भीती वाटली.

आणि त्याच आठवड्यात वादळ आलं. पावसाचं नव्हे हो, कोरडं. पडीक रानांची सगळी माती उचलून ते गावावर आलं. वीज गेली, आणि रॅकच्या खोलीच्या दोन खिडक्यांची तावदानं खळ्ळकन फुटली. दाजींनी धावत जाऊन इंजिन सुरू केलं. बॅटऱ्या वाचल्या, पण थंड हवेची धुडं त्या इंजिनाला ओढवत नव्हती. आता खिडक्या फळ्यांनी बंद कराव्यात तर आत भट्टी, उघड्या ठेवाव्यात तर धूळ. माझे दाजी, हातात एक वर्तमानपत्र धरून, दोन खिडक्यांच्या मधे लहान पोरासारखे उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात दारात अक्का. काखेत कळशी, खांद्यावर चार लुगडी. घरातलं होतं नव्हतं तेवढं पाणी ती घेऊन आली होती. दाजी सवयीनं काही बोलणार, तोच तिनं ओंजळभर पाणी पायांवर ओतलं, ओल्या फडक्यावर टाचा घासल्या आणि म्हणाली, "झाले सोवळी. सरा." दाजी सरले. लुगडी भिजवून, दुहेरी करून दोघांनी खिडक्यांवर ताणून बांधली. गाठ अर्थात दाजींची. बाहेरची माती लुगड्यांवर थबकू लागली आणि आत गार, ओलसर झुळूक आली.

मग अक्कानं पहिल्यांदा खोली पाहिली. खटके नुसते बेभान वाजत होते. मधलं दार उघडंच राहिलं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. हे काय एवढं वाजतंय, असं तिनं विचारलं. लोकं बोलतायत, दाजी म्हणाले, वादळात कुणाचं काय झालं ते एकमेकांना विचारतायत.

अक्का जरा वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "समद्या गावाची इचारपूस हितनं हुती. आन् मला तुमी लगीन झाल्यापास्नं कवा इचारलं न्हाई, कशी हाईस म्हून."

खटके वाजत राहिले. मी माझ्या बोर्डावरचे दोन कॉल तसेच लोंबकळत ठेवले होते. मग घसा खाकरून दाजी म्हणाले, "कशी हाईस?"

"बरी हाय," अक्का म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावून हसली.

ती माहेरी गेली, पण आठ दिवसांत परतली. त्या दिवसापासून दाजी रोज संध्याकाळी घरात पाऊल टाकताच हा एकच प्रश्न विचारू लागले. पुढचा प्रश्न त्यांना कधी सुचला नाही, पण अक्काची तेवढ्यावर तक्रार नव्हती. ते रॅक भंगारात जाऊनही आता जमाना झाला. दाजी पेन्शनीत आहेत, वाकले आहेत. अक्काला हल्ली ऐकू कमी येतं, त्यामुळे संध्याकाळचा प्रश्न दाजींना मोठ्यानं विचारावा लागतो नि तो सगळ्या आळीला ऐकू जातो. अक्का "काय?" म्हणते. दाजी पुन्हा विचारतात. अक्का पुन्हा "काय?" म्हणते. मी समोर चहा पीत बसलेला असतो. तिला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलेलं असतं, याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.