रान बघायला चार दिवस

सोलापुरातल्या एका गिरणीत मायाप्पा बॉयलरवर होता. सोळा वर्षं एकच काम. फावड्यानं कोळसा उचलायचा आणि आगीच्या तोंडात फेकायचा. भुवया कधीच जळून गेलेल्या. मूळचा सांगोल्याकडचा धनगर. दुष्काळात मेंढरं मेली, तशी त्यानं गिरण धरली.

या माणसाला एक नाद होता. बाटलीचा नव्हे, तमाशाचाही नव्हे. त्याला वाघ बघायचा होता.

एकदा गावात सर्कस आली होती. तिथला वाघ पाळी सुटलेल्या कामगारासारखा तोंड पाडून बसलेला. चाबूक वाजला की उठायचा, पुन्हा वाजला की बसायचा. मायाप्पा तंबूबाहेर येऊन थुंकला. "ह्यो कसला वाघ? ह्यो हजेरीवरचा गडी हाय. सुटा वाघ बघाय पायजे."

तेव्हापासून चाळीत त्याचं नाव वाघ्या पडलं. बायको केराबाई कपाळावर हात मारून म्हणायची, "तुमी वाघ्या झालासा, आता मी काय मुरळी हून नाचू व्हय?"

वाघ बघायचा, पण कधी? गिरण रविवारी बंद असायची. गिरण बंद झाली की बॉयलर थंड व्हायचा, आणि तो थंड झाला की त्याच्या पोटात शिरून पांढरी खपली खरवडायचं काम बॉयलरवाल्यांचंच. सणालाही तेच. गड्ड्याच्या जत्रेला सगळं सोलापूर रस्त्यावर असायचं, तेव्हा मायाप्पा बॉयलरच्या पोटात उकिडवा बसलेला असायचा.

होटगीचा शिवयोगी रेल्वेत सांधेवाला होता. रेल्वेनं त्याला कानड्यात, अळणावरला धाडलं. तिथून पुढं दांडेलीचं सरकारी जंगल. त्याचा मेव्हणा त्याच जंगलात राखणीला. शिवयोगी सुटीवर आला की मायाप्पाला सांगायचा, "चैत्रात ये. ओढे आटत्यात, एकच डबकं ऱ्हातंय. मेव्हणा झाडावर बसवतो. वाघ पाण्याला आल्याबगर ऱ्हात न्हाय."

मायाप्पानं बोटांवर मोजलं होतं. जायला एक दिवस, यायला एक दिवस, मधे दोन सांजा झाडावर. चार दिवस. ते चार दिवस काही निघेनात. एका चैत्रात बॉयलर तपासणीला साहेब आला, दुसऱ्या चैत्रात जोडीदाराचा हात भाजला. छत्तीस साली शिवयोगीचा निरोप आला की मेव्हण्याला पावसाळ्यानंतर दुसरीकडं धाडणार आहेत. आता आलास तर आलास.

मायाप्पा जॉबरपुढं जाऊन उभा राहिला. माणसं ठेवायची-काढायची सगळं जॉबरच्या हातात, आणि जॉबर होता चन्नवीर.

"चन्नवीरअण्णा, चार दिस रजा पायजे व्हती."

"येनपा, काय रं, कोण मेलं?"

"कुनी न्हाय. रान बघाया जायाचं हाय."

चन्नवीरनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "रान? तुला रान हाय? सोळा वर्सं बोलला न्हाईस की!"

इथं घोळ झाला. आमच्याकडं जंगल असलं तरी रान आणि शेत असलं तरी रानच. वाघाचं नाव काढावं तर सगळं खातं हसणार आणि रजाही जाणार. त्यानं नुसती मान डोलावली.

"कुटं हाय?"

"लांब हाय की."

"काय पिकतंय?"

"बघितल्याबगर कसं सांगू?"

चन्नवीर हसला. कारकुनानं कागदावर लिहिलं, 'शेतजमीन पाहण्याकरिता चार दिवस.' मायाप्पानं अंगठा उठवला. गुरुवारपासून रजा.

केराबाईनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी बांधायला घेतली. "वाघ म्होरं आला तर त्येला सांगा, आत नुसता कोळसा हाय म्हनावं. दात खराब हुतील."

बुधवारी दुपारी फाटकावर कागद लागला. गिरणीत विजेची मोटर येत होती, एक बॉयलर बंद होणार होता. पाच माणसं कमी करायची. ज्यांना गावाकडं जमीन आहे ती आधी, कारण त्यांना निदान खायला तरी आहे. विचार वाईट नव्हता. कारकुनानं नावं वाचली. तिसरं नाव मायाप्पाचं.

तो तसाच काळ्या तोंडानं चन्नवीरकडं धावला. "अण्णा, मला रान न्हाय वो!"

"तूच म्हनलास की. अंगठा हाय तुजा."

"त्ये जंगल! दांडेलीचं!"

"मग जंगल म्हनायचं."

"आमी रानच म्हनताव!"

"बरं. जंगलात काय काम हाय तुजं?"

मायाप्पानं खाली बघितलं. "वाघ बघायचा हाय."

कारकुनाच्या हातातला टाक थांबला. मग जो हशा पिकला तो कापड-खात्यापर्यंत ऐकू गेला. चन्नवीर मात्र हसला नाही. "मायाप्पा, ह्ये मी साहेबाला कसं सांगू? चार दिस काम सोडून वाघ बघाया चाललाय म्हनलं, तर मोटर न्हाई आली तरी तो तुला काढंल. त्यापरीस रानच बरं." मग म्हणाला, "गावच्या कुलकर्ण्याचा दाखला आण. तुज्या नावानं जमीन न्हाय असा. सोमवारी सकाळी आण, नाव खोडतो."

चार दिवस हातात होतेच.

गुरुवारी पहाटे मायाप्पा दांडेलीच्या वाटेवरच्या होटगीच्या गाडीत बसायचा तो कुर्डुवाडीच्या गाडीत बसला. तिथून छोट्या गाडीनं सांगोला, पुढं दोन कोस पायी. वाघासाठी बांधलेल्या भाकरी त्यानं वाटेत खाल्ल्या. कुलकर्णी शेजारगावी लग्नाला गेलेले. ते शनिवारी दुपारी आले. त्यांनी दप्तर सोडलं, चष्मा चढवला, बोटाला थुंकी लावून पानं उलटली.

"आहे की तुझं नाव."

"कुटं?"

"माळावरचा तुकडा. तुझ्या आज्याचा. अकरा वारसांत तू सातवा."

"त्यो माळ? तितं तर कुसळबी उगवत न्हाय!"

"उगवण्याचा रकाना वेगळा. नाव आहे."

"देवा, न्हाय म्हनून लिवा की. सोळा वर्सांची नोकरी हाय."

कुलकर्ण्यांनी चष्मा काढला. "आहे ते नाही म्हणून लिहिलं तर माझं वतन जाईल, मायाप्पा. आहे असा दाखला हवा असेल तर आत्ता देतो."

मायाप्पा उठला. जाताजाता त्यानं तो तुकडा बघितला. उतारावर काळा खडक, मधे हिवराचं एक वाळकं झुडूप, त्यावर कुणाच्यातरी शेळीनं ओरबाडल्याच्या खुणा. सातवा हिस्सा कुठून सुरू होतो हे सांगायला बांधही नव्हता. मायाप्पा तिथं लघवीला बसला आणि वाटेला लागला.

सोमवारी तो हात हलवत गेला. "दाखला?" चन्नवीरनं विचारलं.

"रान निगालं," मायाप्पा म्हणाला.

नाव राहिलं तसं राहिलं. मायाप्पा निघाला तेव्हा चन्नवीर एवढंच म्हणाला, "बदलीवाल्यांत रोज येत जा. कुनी गैरहजर असला तर घालतो तुला. पर एक दिस चुकलास तर नंबर मागं जाईल, माजाबी इलाज न्हाय."

महिन्याभरानं शिवयोगी आला. मेव्हण्यानं पाच दिवस वाट बघितली होती. त्याच शुक्रवारी वाघीण आली होती, दोन पिल्लांसकट, डबक्यात बसून राहिली होती घटकाभर. "आता तर तू मोकळाच हाईस," शिवयोगी म्हणाला. "पावसाच्या आदी चल. मेव्हणा अजून तितंच हाय."

केराबाई चुलीपुढनं म्हणाली, "जावा एकदाचं. म्हंजी आमी सुटू."

"उद्या बुधवार," मायाप्पा म्हणाला. "बुधवारी गैरहजेरी जास्त असती."

सकाळी भोंगा व्हायच्या आत तो फाटकावर होता. त्याच्यापुढं एकवीस माणसं होती. चन्नवीरनं सहा जणांना आत घेतलं आणि फाटक ओढलं. उरलेली माणसं उद्याच्या नंबरासाठी तिथंच भिंतीला टेकून बसली. मायाप्पाही बसला.