चष्म्यावर उमटलेली ओळ

मी डोळ्यांवरचा चष्मा काढून आबांपुढे धरला आणि त्यांच्या मुलानं, आप्पांनी, माझा हात मध्येच अडवला. हाताला हात न लावता. वर्तमानपत्राची घडी आडवी घालून.

निमोण्यातला बंगला. आबांना ऐकू येत नाही. समोरचा बोलेल ते काचेवर मराठीत उमटवणारा स्मार्ट चष्मा आमची कंपनी बनवते. त्याला बोलणं ओळखायला शिकवणारी मी. आमच्याकडची बोली यावी म्हणून खुटबावात आईचं, चुलत्यांचं बोलणं रेकॉर्ड करत बसले होते. आप्पा कंपनीत पैसे घालणार, म्हणून कंपनीचे मालक, आमचे सर, चष्मा दाखवायला मला घेऊन आले. काचेवरचं सगळ्यांना दिसावं म्हणून चष्मा टीव्हीला जोडला होता.

दारातच आप्पांनी विचारलं होतं, "खुटबावात कुठं राहता तुम्ही?"

"बुद्धविहारामागं."

त्यांनी मान हलवली. मोठे सुसंस्कृत.

आता ते सरांच्या कानाशी लागले. चष्मा माझ्या हातात, माईक चालू. टीव्हीवर वीतभर अक्षरं आली: 'हिनं घातलेला चष्मा आबाच्या तोंडाला लावायचा व्हय? दुसरा काढा.'

एक अक्षर चुकलं नाही. माझ्या आईच्या आवाजावर शिकलेलं यंत्र ते. माझ्याआधी सरांनी हाच चष्मा घातला होता, तेव्हा कुणाला विटाळ आठवला नाही. बोलताना आप्पांना लाज वाटली नव्हती. अक्षरं दिसताच मात्र रिमोट शोधायला धावले.

आबांनी ओळ सावकाश वाचली. यांच्यासाठीच मी राबले होते. वाटलं, म्हातारा मुलाला झापेल.

"पोरगं बराबर बोलतंय," आबा म्हणाले.

चष्मा डबीत घालून मी उठले.

परतताना न्हावऱ्याजवळ गाडीत सरांना कंठ फुटला. "मनाला लावून घेऊ नकोस. आणि असलं काही उमटू नये अशी सोय कर. ती वाक्यं गाळून टाक."

"न्हाई करणार."

ऑफिसात जपून वापरलेली माझी शुद्ध भाषा गेली खड्ड्यात.

"नोकरीचा विचार कर."

"केला. न्हाई गाळणार."

किळस आली मला त्या तिघांची. सरांची जरा जास्तच.

नोकरी राहो, जावो. यांची मेलेली ढोरं माझ्या आज्यानं ओढली. यांच्या तोंडातली घाण मी उचलणार नाही. बोलतील ते उमटेल, आणि त्यांनाच वाचावं लागेल.