कार्डिओग्रामवाल्याची चप्पल

मुलुंडच्या आमच्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढणारा एक माणूस होता. नाव मी कधी विचारलं नाही. मनगटाला बांधायच्या गार पट्ट्या तो आधी स्वतःच्या तळहातात धरून ऊब द्यायचा. मग म्हणायचा, "काका, गप पडा हां, बोललात की कागदाची वाट लागली." आणि मशीनची सुई उडेल तसा चपलेनं ताल धरायचा.

डॉक्टर म्हणत होते, हृदयात वरून निघालेली वीज खाली पोचत नाही, छातीत बॅटरी बसवा. मी चौथी शिकलेला, पण जन्मभर वायरमनचं काम केलेला. म्हटलं, वीज मला शिकवू नका.

त्या दिवशी पडल्या पडल्या मी त्याच्या पायाकडे बघत होतो. चप्पल वाजता वाजता पाय मधेच वर राहिला. सुई सरळ रेघ ओढत गेली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हा कुठे चप्पल आपटली.

"काय रे, ताल चुकला तुझा?"

"माझा नाही, काका."

पट्ट्या सोडताना त्याचे हात गार लागले. मी शर्ट घातला आणि डॉक्टरांना सांगितलं, "बसवा तुमची बॅटरी."