चाळिसावी पेली

आमची ताई हट्टी आहे असं म्हटलं तर ती माझ्या पाठीत रपाटा घालेल, आणि नाही म्हटलं तर तुम्हीच मला खोटारडा म्हणाल. तेव्हा मी काहीच म्हणत नाही. घडलं तेवढं सांगतो.

ताई आमच्या चर्चची राखणदार. तीस वर्षं झाली. झाडलोट तिची, दिवे तिचे, घंटा तिची, फुलदाण्या तिच्या. कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा, म्हणून सगळी मंडळी तिला किल्लीताई म्हणतात. पाळक आले, पाळक गेले, किल्ल्या काही हलल्या नाहीत. मी तिचा धाकटा भाऊ, धंद्यानं सुतार. मला ती रंध्या म्हणते. पन्नाशी उलटली तरी चारचौघांत रंध्याच म्हणते, सांगायचं कुणाला?

आता आमच्या चर्चमध्ये उपासना दोन. एक आठची, एक दहाची. इमारत एक, पाळक एक, बायबल एक, देवही एकच असावा, पण माणसं दोन तऱ्हेची. आठची मंडळी प्रभुभोजनाला एकाच मोठ्या प्याल्यातून द्राक्षारस घेतात. दहाची मंडळी प्रत्येकी आपापल्या काचेच्या पेलीतून घेतात. पेली केवढी, तर अंगठ्याला टोपण होईल एवढी. आठवाले दहावाल्यांना पेलीवाले म्हणतात, दहावाले आठवाल्यांना मिशीवाले म्हणतात. मी कोणत्या पंथाचा म्हणाल, तर लवकर जाग आली की आठचा, नाही आली की दहाचा. दोन्हीकडचे मला आपलाच समजतात आणि दोन्हीकडचे मला नावं ठेवतात.

मिशीवाले का, ते सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी सगळे वेदीपुढच्या एकाच कठड्याशी गुडघे टेकायचे. एका रविवारी आमचे हेडसर, म्हणजे शाळेचे जुने हेडमास्तर, नाक फुरफुरत आले. सरांच्या मिशा म्हणजे नुसता झाडू. प्याला त्यांच्यापाशी आला, त्यांनी घोट घेतला, मिशा अर्ध्या आत बुडाल्या, आणि अगदी त्याच घटकेला त्यांना शिंक आली. शेजारी औषधवाला. चौकातलं औषधांचं दुकान त्याचं, माणूस जंतूंना भुतासारखा भिणारा. त्यानं प्याल्यात डोकावून पाहिलं आणि भर उपासनेत म्हणाला, "सर, हा प्याला आहे की तुमचा रुमाल?"

झालं! सरांनी प्याला ओढला, औषधवाल्यानं ढकलला, प्याला दगडी पायरीवर आपटला आणि कठड्यावरच्या पांढऱ्या चादरीवर लाल थारोळं झालं. प्याल्याच्या काठाला एक पोचा आला तो आजही आहे. पुढच्याच आठवड्यात औषधवाल्यानं चाळीस पेल्यांचं तबक आणलं आणि दहाची उपासना सुरू झाली. सरांनी शपथेवर सांगितलं की त्या टोपणांना मी ओठ लावणार नाही.

ती चादर धुतली कुणी? ताईनं. आठवडाभर घासत होती, डाग जाईना. शेवटी तिचं डोकं फिरलं. रविवारी ती ओली चादर हातात घेऊन भर चर्चमध्ये उभी राहिली आणि ओरडली, "तुम्ही दोघं पुन्हा एका कठड्याशी गुडघे टेकाल त्याच दिवशी मी प्रभुभोजन घेईन. तोवर माझ्या जिभेला थेंब लागला तर बघा!"

तिला वाटलं, आठ-पंधरा दिवसांत दोघे शरमतील. कसचं काय! अकरा वर्षं गेली. आणि आमची ताई म्हणजे बोलला शब्द गिळणाऱ्यातली नव्हे. नवे पाळक पोरसवदा, त्यांनी समजावलं, "ताई, रागाच्या भरात बोललेलं देव धरून बसत नाही." ही म्हणाली, "देव नसेल बसत. मी बसते."

पण मी भाऊ आहे, मला दिसायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन्ही प्रभुभोजनं उरकली, मंडळी घरी गेली, की ती कठडा पुसायला म्हणून गुडघ्यांवर बसायची. फडकं एकाच जागी फिरत राहायचं. कितीतरी वेळ. मी हाक मारली की दचकून उठायची आणि माझ्यावरच खेकसायची. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटायचं, पण तसं बोलायची सोय नव्हती.

आणखी एक गंमत होती. पेलीवाले मोजून एकोणचाळीस. ताई दर खेपेला चाळीस पेल्या भरायची. औषधवाला दर महिन्याला करवादायचा, "किल्लीताई, एकोणचाळीस माणसं! परत एक जास्त!" ताई म्हणायची, "हात चुकतो." मग ती उरलेली पेली मागच्या गुलाबाच्या मुळाशी ओतायची. मला वाटायचं, हिचं गणित कच्चंच, लहानपणापासून.

तर यंदा ताईच्या गुडघ्यांनी संप पुकारला. लेक म्हणाली, पुरे झालं, आता माझ्याकडे राहायला ये. लेकीचं गाव एक दिवसाच्या प्रवासावर. पहिला रविवार हा ताईचा कामाचा शेवटचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "रंध्या, ह्या चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, नवऱ्याला इथूनच पोचवलं. आणि आता इथून मी उपाशीच जाणार रे." एवढंच बोलली आणि भांडी आपटत बसली.

रविवारी सकाळी साडेसातला मी चर्चवर पोचलो. लवकर, कारण ताईचं सामान बांधायचं होतं. पाहतो तर मोठा दरवाजा आतून बंद. भटकी कुत्री शिरतात म्हणून ती आत गेली की अडसर लावते. पण घंटा नाही, हालचाल नाही. हळूहळू आठची मंडळी जमली. हेडसर काठी टेकत आले. पाळकांनी दरवाजा ठोठावून हात लाल करून घेतले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कुणीतरी बायबल छातीशी धरून कुजबुजलं, "गेली की काय बाई?"

मी धावत मागच्या अंगाला गेलो. वेदीमागे एक छोटी खोली आहे, तिथे प्याला, पेल्या, भाकर, द्राक्षारस सगळं असतं. तिच्या गजांच्या खिडकीत ताईचा चेहरा. तांबडालाल.

"गाढवा!" ती म्हणाली. जिवंत होती.

दोष माझाच. त्या खोलीच्या दाराला आपोआप बसणारं कुलूप मीच बसवलं होतं आणि त्याची आतली मूठ सहा महिन्यांपूर्वी निखळली होती. "उद्या बसवतो," असं मी सहा महिने सांगत होतो. ताई दाराला वीट लावून काम भागवायची. आज शेवटचा दिवस म्हणून तिनं सगळं लख्ख केलं आणि वीटही बाहेर नेऊन ठेवली. दार बसलं. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि आतून किल्लीला भोकच नाही.

"थांब, पकड आहे माझ्या खिशात," मी म्हटलं. "गजातून देतो. मुठीचा दांडा पकडीनं फिरव, अर्ध्या मिनिटात बाहेर."

ताईनं हात पुढे केला. तेवढ्यात आठची अख्खी मंडळी खिडकीखाली येऊन उभी राहिली. आणि फाटकातून दहाचीही येऊ लागली, कारण किल्लीताई आत अडकली ही बातमी एव्हाना चौकापर्यंत गेली होती. औषधवाला तर प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही मंडळ्या एका अंगणात उभ्या होत्या. ताईनं सगळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हात मागे घेतला.

"खिशातच राहू दे," ती हळूच म्हणाली. "आणि खिडकीची चौकट काढायला घे. सावकाश."

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला काम सावकाश कर म्हणालं. मी लगेच एका स्क्रूला भिडलो.

औषधवाला टाचा उंचावून म्हणाला, "ताई, श्वास लागतोय का? छातीत दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय! माझं काम झालंय. तबक भरून ठेवलंय."

"बरं, बरं. पण आमचं तबक त्या मोठ्या प्याल्याजवळ ठेवू नका हं. लांब ठेवा."

बस्स. मी ताईला ओळखतो, तिचा आवाज चढायच्या आधी नाक लाल होतं.

"लांब ठेवू? अहो शहाणे, त्या बाटलीचं तोंड एवढं मोठं, तुमची पेली एवढीशी! बाटलीनं भरायला गेलं की निम्मं तबकात सांडतं. मग मी भरते कशी ह्या चाळीस पेल्या, सांगा बघू? मोठ्या प्याल्यानं! तुम्ही दोघांनी आपटून त्याला पोचा आणलात ना, त्या पोच्यातून कशी बारीक धार पडते. एक थेंब सांडत नाही. अकरा वर्षं तुम्ही सरांच्याच प्याल्यातलं पिताय!"

माझा स्क्रू टणकन खाली पडला.

औषधवाल्यानं ओठांवर हात ठेवला. मनातल्या मनात बराच हिशेब केला. मग अगदी हिरमुसून म्हणाला, "अकरा वर्षं... आणि मला काहीच झालं नाही?"

"धुऊन घेते हो मी! कढत पाण्यानं!" ताई आतून ओरडली.

पहिले हसले ते हेडसर. आधी मिशा हलल्या, मग पोट, मग काठी. त्यांच्यामागे आठवाले, मग दहावाल्यांनाही आवरेना. एकटा औषधवाला हसत नव्हता. सर हसता हसता थांबले. डोळे पुसले आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "मला सर्दी आहे हे त्या दिवशी मला माहीत होतं. मी शेवटी बसायला हवं होतं. पण म्हटलं, हेडमास्तर शेवटच्या ओळीत कसा बसणार?"

औषधवाला पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "मला तुमच्या कानात सांगता आलं असतं, सर. पण सगळ्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं. तुम्ही मला शाळेत असताना बाकावर उभं केलं होतं ना, ते मनात होतं."

"कशाबद्दल उभं केलं होतं?"

"शिंकलो म्हणून."

आता मात्र तोही हसला. दोघांनी हात मिळवले नाहीत की गळाभेट घेतली नाही. सरांनी नुसतं खिशातून रुमाल काढून त्याला दाखवला, धुतलेला, घडी घातलेला. पाळक बिचारे आठची उपासना की दहाची, ह्या घोळात घड्याळ बघत होते. सर त्यांना म्हणाले, "पाळकसाहेब, आता जी वेळ झाली असेल तीच."

"रंध्या," खिडकीतून आवाज आला, "पकड दे."

अर्ध्या मिनिटात ती बाहेर. अडसर निघाला, घंटा वाजली, आणि वेळ होती नऊला दहा कमी.

त्या दिवशी एका कठड्याशी सगळे बसले. ज्याला प्याला हवा त्यानं प्याला घेतला, ज्याला पेली हवी त्यानं पेली. औषधवाल्यानं पेलीच घेतली, उगाच खोटं कशाला सांगू, पण गुडघे टेकले ते सरांच्या शेजारी. आणि सर त्या दिवशी कठड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला बसले होते. मी प्याल्यातून घेतलं. लवकर उठलो होतो ना.

ताई मागच्या खोलीच्या दारात उभी होती, हातात फडकं. आता तिचा शब्द पुरा झाला होता, तरी ती पुढे येईना. अकरा वर्षं जो कठडा पुसला त्याच्यापाशी जायला तिचे पाय उचलेनात. बोलावणार कोण, हेही कुणाला सुचत नव्हतं.

औषधवाला उठला. रिकाम्या पेल्या गोळा करायचं काम त्याचं. तबक उचललं आणि सवयीनं करवादला, "किल्लीताई, परत एक जास्त! एकोणचाळीस माणसं, आणि..."

तिथेच थांबला. तबकात एकच पेली भरलेली होती. त्यानं पेलीकडे पाहिलं, दारातल्या ताईकडे पाहिलं. मग सरांनी पाहिलं. मग मी, सख्खा भाऊ, जो अकरा वर्षं म्हणत होतो की हिचं गणित कच्चं आहे.

औषधवाल्यानं तबक पाळकांपुढे ठेवलं. सर काठी टाकून उठले, दारापर्यंत गेले आणि ताईचा हात धरून तिला घेऊन आले. गुडघे वाकवताना ती "आई गं" म्हणाली. औषधवाल्यानं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आपल्या खिशात कोंबलं, मळकं तसंच, जंतूंसकट. पाळकांनी तिला भाकर दिली, मग ती पेली दिली.

तिनं घेतली. बराच वेळ डोळे मिटून बसली. मी तर लहान मुलासारखा रडत होतो, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

मग तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रंध्या, रडतोस काय? ती मूठ बसव आधी."